तहाचं जेवण आणि अंगारकी

त्या आठवड्यात आमच्या हॉटेलात जिच्यावर कुणी संशय घेतला नाही अशी एकच वस्तू उरली होती, लिफ्टमधला आरसा. शेवटी तोही भिंतीवरून उतरवला आणि मागे कुणी बसलंय का ते पाहिलं.

मी तेव्हा लंडनच्या एका बड्या हॉटेलात बँक्वेटिंग सुपरवायझर होते. म्हणजे मेजवान्यांची मुकादम. वेम्बलीचं जुनं स्टेडियम पाडून नवं उभं करत होते ती वर्षं. आमच्या फ्लॅटच्या खिडकीतून आभाळ दिसायचं बंद होऊन नुसत्या क्रेनच दिसायच्या. घरी ही कथा आणि कामावर तो थाट. गालिचे तर इतके जाड, की एकदा एक इटालियन वेटर ट्रेसकट त्यात रुतला आणि त्याला उपटायला बागेतला माळी बोलवावा लागला. खोटं वाटत असेल तर वाटू द्या. ट्रे मी धरला होता.

तर त्या हॉटेलात आफ्रिकेतल्या एका देशाचे दोन पक्ष तह करायला आले. देशाचं नाव सांगणार नाही. तोंड बंद ठेवू अशी आमच्याकडून सही घेतली होती, आणि ती घेणारा गोरा अजूनही मला अधूनमधून ट्यूबमध्ये समोरच्या सीटवर दिसतो. पेपर वाचत असतो. निदान तसं दाखवतो.

दोन्ही पक्ष बरीच वर्षं एकमेकांशी लढलेले. आधीची बोलणी त्यांच्याच राजधानीतल्या सगळ्यात भारी हॉटेलात झाली होती आणि फिसकटली होती, म्हणून आता लंडन. आल्या आल्या एक पक्ष म्हणाला, आम्ही खिडक्यांकडे बसणार, बाहेर कोण फिरतंय ते दिसायला हवं. दुसरा म्हणाला, मग आम्ही दाराकडे, आत कोण येतंय ते कळायला हवं. सगळ्यांची नावं लांबलचक, पदव्या त्याहून लांब. आम्ही स्टाफने आपले त्यांना खिडकीवाले आणि दारवाले करून टाकले.

संशय तरी किती असावा. फुलदाण्यांतली फुलं उपसून देठ हुंगले जात. मीठदाण्या रोज बदलायच्या, आणि बदलणाऱ्यावर दोन्हीकडचा एकेक माणूस नजर ठेवणार. दारवाल्यांचा सिक्युरिटीवाला असा आडवा, की तो उभा राहिला की टेबलावरच्या सूपवर सावली पडून ते गार व्हायचं. खिडकीवाल्यांचा काडीसारखा, पण नजर अशी की बंद डब्यातलं बिस्किट फुटकं आहे का अख्खं ते सांगेल. त्यांना मी जाड्या आणि काड्या म्हणायचे, अर्थात मनात. आणि ते दोघं माझ्याकडे जसं बघत, त्यावरून त्यांनीही मनात मला काहीतरी ठेवलंच असणार.

मी स्वतः काही कमी नव्हते. आमचा स्कॉटिश मॅनेजर एकदम माझ्याशी गोड बोलायला लागला, तेव्हाच मी पदर खोचला.

"तू सगळं खातेस ना?" त्याने विचारलं.

"कोण सांगतं?"

"मी पाहिलंय."

तर प्रकरण असं होतं. प्रत्येक जेवणाआधी कुणीतरी सगळ्या पदार्थांतला एकेक चमचा सगळ्यांसमोर खाऊन दाखवायचा. खिडकीवाल्यांचा माणूस दारवाल्यांना चालेना, दारवाल्यांचा ह्यांना. गोरा दोघांनाही नको. मी ना ह्यांची, ना त्यांची, ना गोऱ्यांची. झालं. दिवाणखान्याएवढ्या झुंबराखाली उभी राहून मी मटण, मासे, भात, पुडिंग असं सगळं चाखायचे आणि दोन्हीकडचे मंत्री श्वास रोखून माझ्या गळ्याकडे बघत बसायचे. माझ्या घासाकडे इतक्या आशेने कुणी पाहिलं नव्हतं, लग्नातसुद्धा नाही. आठवड्यात युनिफॉर्मचं बटण तुटून उडालं आणि एका राजदूताच्या चहात पडलं. चहा अर्थातच तपासायला गेला.

राजधानीतल्या त्या हॉटेलात काय घडलं ते मला आजोबांनी सांगितलं. आजोबा म्हणजे खिडकीवाल्यांतले सगळ्यात वयस्कर गृहस्थ. सकाळी सगळ्यांच्या आधी खाली यायचे, गरम पाणी आणि लिंबू मागायचे, आणि लिंबू स्वतः कापायचे.

"आमचं ते हॉटेल तुमच्या ह्या हॉटेलाला खिशात घालेल, मुली," ते म्हणाले. "संगमरवरी जिना. गच्चीवर तलाव. आम्ही वरच्या मजल्यावर, ते खालच्या. लिफ्ट एकच चालू. एक दिवस आमची, एक दिवस त्यांची. ज्याचा दिवस नसेल त्याने जिना चढायचा. चढताना फार शिव्या द्यायचो आम्ही, पण बोलणी चांगली चालली होती."

"मग?"

"मग मासा आला." त्यांनी आवाज खाली घेतला. "आम्ही सगळ्यांनी खाल्ला. त्यांनी कुणी हात लावला नाही. पुढे काय सांगू. आमच्या मजल्यावर प्रत्येक बाथरूमपुढे मंत्री उभे. सकाळी बॅगा घेऊन निघालो. विष घातलं, सगळे म्हणाले."

"आणि तुम्ही?"

"त्या दिवशी दुपारभर हॉटेलची वीज गेली होती."

"म्हणजे मासा मुळातच..."

"हळू बोल," ते म्हणाले. "एवढे सगळे मोठे लोक नुसत्या नासक्या माशापायी उठून गेले, असं कोण मान्य करेल?"

मग लिंबाची बी चमच्याने बाजूला काढत त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचा मुलगा कितीतरी वर्षं दारवाल्यांच्या कैदेत होता. कैद्यांच्या अदलाबदलीवर त्या हॉटेलात दुसऱ्या दिवशी सही व्हायची होती. मासा आला आणि सही गेली. आता तीच सही इथे मंगळवारी व्हायची होती, शेवटच्या जेवणानंतर.

"जेवणाआधी करून टाका की," मी म्हटलं.

"आमच्याकडे उपाशीपोटी शब्द देत नाहीत. एका ठिकाणी बसून जेवायचं, मग सही. ज्याने घास घेतला नाही त्याचा शब्द धरत नाहीत." त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तू आहेस ना मंगळवारी?"

"आहे की," मी म्हटलं. "मी कुठे जाते."

आता थोडं घरचं. सासूबाई तेव्हा पुण्याहून सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या होत्या, आणि मंगळवारी सकाळी मी दारात चपला घालत असताना त्या म्हणाल्या, "अगं, आज अंगारकी. लक्षात आहे ना?"

नव्हती. साध्या चतुर्थ्या मी सोडते. अंगारकी मात्र मी मोडत नाही, आणि त्याला कारण आहे. माझा धाकटा भाऊ लीड्सला शिकत असताना मोटरसायकलवरून पडला आणि तिथल्या हॉस्पिटलात बेशुद्ध पडून होता. त्याच्या उशाशी बसून मी बोलले होते, हा उठू दे, अंगारकी कधी मोडणार नाही. तो उठला. उठल्या उठल्या पिझ्झा मागितला, पण उठला. त्यानंतर मी नवसाशी चेष्टा केलेली नाही.

उपास सोडायचा तो चंद्र पाहून, आणि लंडनमध्ये चंद्र पाहणं म्हणजे सरकारी माणसाच्या तोंडून उत्तर ऐकण्यासारखं आहे. भिंतीवर पुण्याहून आणलेलं कॅलेंडर, त्यात चंद्रोदय भारतातला. नवरा भुकेला कच्चा. तो दरवेळी दुपारच्या चहालाच म्हणायचा, "आई, तिकडे उगवला, जेवून घे." सासूबाईंचा नियम ठरलेला, देह जिथे, चंद्र तिथला. मागच्या वेळी नवऱ्याने कंटाळून त्यांना खिडकीशी नेलं आणि ढगांतून दिसणारा पिवळा गोळा दाखवला. सासूबाईंनी अर्घ्य दिलं, अक्षता वाहिल्या, हात जोडले. सकाळी बघतात तर चंद्र तिथेच, आणि पिवळं हेल्मेट घातलेला एक माणूस शिडीवरून त्याच्याकडे चढतोय. क्रेनचा दिवा. तेव्हापासून त्या लंडनमधल्या कुठल्याही उजेडावर आणि पोटच्या मुलावर विश्वास ठेवत नाहीत.

तर मी कामावर गेले आणि मला वाटलं, त्यात काय, एक दिवस दुसरं कुणी चाखेल. आमच्यातल्या पोलिश मुलीला मी समजावून सांगितलं. तीही सगळं खायची. मॅनेजरला सांगायचं राहून गेलं, कारण तो दिवसभर आमच्या सह्या घेणाऱ्या त्या सरकारी गोऱ्याबरोबर बंद दाराआड होता.

संध्याकाळी जेवण मांडलं. पोलिश मुलगी चमचा घेऊन झुंबराखाली आली आणि सगळा हॉल गप्प झाला.

"रोजची बाई कुठे आहे?" जाड्याने विचारलं.

"ती आज खात नाही," पोलिश मुलगी म्हणाली. बिचारी खरं बोलली.

खुर्च्या मागे सरकल्याचा आवाज किचनपर्यंत आला. मला बोलावणं आलं. मी मधोमध उभी, डावीकडे खिडकीवाले, उजवीकडे दारवाले, आणि समोर खुद्द काड्या.

"आजच का खात नाही?"

"आज उपास आहे."

"कुणी सांगितलं?"

"सासूबाईंनी."

"सासू कुणाच्या बाजूची?"

"स्वतःच्या," मी म्हटलं.

कुणी हसलं नाही. जाड्या पुढे झाला. "काहीच खाणार नाहीस?"

इथे माझी चूक झाली. तोंड बंद ठेवायचं सोडून मी उपासाचं चालतं काय नि चालत नाही काय ते सांगत बसले. म्हटलं, तसं नाही, बटाटा चालतो. शेंगदाणे चालतात.

"बटाटा चालतो," जाड्या सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "भात?"

"भात नाही."

दारवाल्यांच्या रांगेत भाताची ताटली कुणीतरी बोटाने दूर ढकलली. "भातात आहे," कुणीतरी पुटपुटलं.

"आणि मासा?" काड्याने विचारलं.

"मासा तर मुळीच नाही."

खिडकीवाले एकदम उभे राहिले. सगळे. फक्त आजोबा बसून होते. त्यांनी मांडीवरचा नॅपकिन उचलून टेबलावर ठेवला, पुन्हा मांडीवर घेतला. ते माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत संशय नव्हता, आणि तेच मला सोसेना.

"हे कधीपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"चंद्र दिसेपर्यंत."

मला माहीत आहे ते कसं ऐकू गेलं असेल. सरकारी गोऱ्याने डोळे मिटून घेतले. मॅनेजर माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "तू फक्त चमचा तोंडाला लाव." सोपं होतं. एक चमचा. पण माझ्या डोळ्यांपुढे लीड्सची ती कॉट आली, नाकात नळी घातलेला भाऊ आला. एका पारड्यात तो, दुसऱ्यात आजोबांचा मुलगा, ज्याला मी पाहिलंही नव्हतं. एकाच्या बदल्यात दुसरा द्यायचा म्हणजे मी पण त्या खोलीतल्यांसारखीच झाले.

मी किचनच्या फोनवरून घरी फोन लावला.

"सासूबाई, इथे लढाई पेटेल."

"पेटू दे. चंद्र दिसला का?"

"ढग आहेत."

मागून नवऱ्याचा आवाज आला, "अगं, तिकडे केव्हाच उगवलाय, खा."

"तू गप्प बस, क्रेनवाल्या," सासूबाई म्हणाल्या. मग मला, "लढाई कशावरून?"

मी आजोबांचं सांगितलं. त्या जरा वेळ काहीच बोलल्या नाहीत. सासूबाई बोलत नाहीत म्हणजे त्यांना काहीतरी पटलंय असा माझा अनुभव नाही, त्यामुळे मी धास्तावले.

"असं कर," त्या म्हणाल्या. "गच्चीवर जा. तू बघू नकोस, तुला भूक लागलीय. तुझ्या साहेबानेही बघू नये, त्याला घाई आहे. त्या दोन पक्षांतला एकेक माणूस घे. दोघांनी मिळून म्हटलं की हाच चंद्र, तर तो चंद्र. एकाने म्हटलं तर नाही."

गच्चीवर आम्ही गेलो त्याची मिरवणूक बघायला हवी होती. पुढे जाड्या आणि काड्या, एकमेकांना पाठ दाखवायची नाही म्हणून जिना आडवे चढत. मागे मी पाण्याचा पेला आणि साखर घेऊन. माझ्यामागे मॅनेजर, आणि शेवटी छत्री घेतलेला सरकारी गोरा. सगळं लंडन पायाखाली लखलखत होतं आणि वर ओल्या गोधडीसारखे ढग. दिव्यांना तोटा नव्हता, हवा तो दिवा सोडून.

"तो," काड्या म्हणाला.

"विमान," जाड्या म्हणाला.

जरा वेळाने जाड्याने बोट दाखवलं. "तो."

"हॉटेलची पाटी."

असं बराच वेळ चाललं. वारा झोंबत होता. मॅनेजरने दोघांना कोट देऊ केले, कुणी घेतले नाहीत, आधी त्याने घालावा म्हणाले.

"आमच्या गावी चंद्र असा लपून बसत नाही," काड्या म्हणाला.

"तुमच्या गावी कसा लपेल," जाड्या म्हणाला. "तिथल्या विजेच्या तारा आम्हीच तोडल्या होत्या."

मी पेला घट्ट धरला. सरकारी गोऱ्याने छत्री मिटली, का ते त्यालाच ठाऊक. काड्या बराच वेळ हॉटेलसमोरच्या पार्कच्या काळोखाकडे बघत राहिला.

"हो," तो म्हणाला. "त्या महिन्यात चांदणं फार छान पडलं होतं. माझ्या आईने अंगणात स्वयंपाक केला."

जाड्याने मॅनेजरच्या हातातला एक कोट घेतला आणि काड्याकडे धरला. काड्याने खिसे तपासले आणि घातला.

आणि तेवढ्यात पूर्वेकडच्या इमारतींवर ढग जरा विरळ झाला. मागे काहीतरी पिवळट, गोल.

"तो," काड्या म्हणाला.

जाड्या बघत राहिला. मला वाटलं आता विमान म्हणेल, पाटी म्हणेल, पुन्हा एकदा सगळं मासा मासा होईल.

"तोच," तो म्हणाला.

मी बघू नये असं सासूबाईंनी सांगितलं होतं. तरी मी पाहिलं. गोल होतं, पिवळं होतं, आणि त्याच्या शेजारून एक काळी, सरळ, बारीक रेघ गेली होती. ढगाची कड असेल. ढगांना इतक्या सरळ कडा असतात का, ते मी त्या वेळी विचारलं नाही. मी अर्घ्य दिलं, साखर जिभेवर ठेवली आणि भावाचं नाव घेतलं. मग खाली गेले आणि झुंबराखाली उभी राहून सगळ्यात आधी मासा खाल्ला. उत्तम होता. भात खाल्ला. मटण दोनदा चाखलं, ते नियमात नव्हतं, पण सकाळपासून पोटात नुसता बटाटा होता.

काड्या आणि जाड्याने आपापल्या लोकांना मान हलवून सांगितलं, आणि सगळे बसले. आजोबांनी मासा पुन्हा मागून घेतला. कॉफीनंतर दारं बंद झाली, त्यामुळे सही मी पाहिली नाही. फक्त बाहेर येताना आजोबा चालता चालता माझ्या खांद्याला नुसता हात लावून पुढे गेले.

घरी गेले तर सासूबाई अजून उपाशी, खिडकीशी. वेम्बलीवर चंद्राचा पत्ता नव्हता.

"दिसला?"

"दिसला."

"कुणी दाखवला?"

"दोघांनी. एकमेकांचे पक्के वैरी."

"मग तोच," त्या म्हणाल्या आणि पानं वाढायला घेतली. नवऱ्याने खिडकीबाहेरच्या क्रेनकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा वेळेवर गप्प बसला.

पुढच्या वसंतात आजोबा पुन्हा आले, आमच्याकडेच उतरले. बरोबर एक हडकुळा माणूस, केस अकाली पिकलेले, कोट नवाकोरा आणि दोन मापं मोठा. मी नाश्ता घेऊन गेले. सवयीने आजोबांनी मुलाच्या बशीवर हात आडवा धरला आणि माझ्याकडे पाहिलं, मी आधी चाखावं म्हणून. मी चमचा उचलेपर्यंत मुलाने हाताखालून बशी ओढून घेतली होती आणि अर्धं ऑम्लेट संपवलंही होतं.

"हा थांबतच नाही," आजोबा म्हणाले.

"बाबा, तिथे थांबलं की दुसरा खायचा," मुलगा घास न थांबवता म्हणाला.

मी त्याच्यासमोर टोस्ट ठेवला. त्याने तोही उचलला. आजोबा स्वतःचं लिंबू कापत होते. कापता कापता त्यांनी हळूच विचारलं, "मुली, त्या संध्याकाळी तो चंद्रच होता ना?"

"मला काय विचारता," मी म्हटलं. "तुमच्या त्या दोघांनी सांगितलं, तोच म्हणून."

"मी विचारलं त्यांना," आजोबा म्हणाले. "वेगवेगळं विचारलं. दोघंही म्हणतात, आम्ही वर बघतच नव्हतो. आम्ही एकमेकांवर नजर ठेवून होतो."

मुलाने बशी पुढे सरकवली आणि म्हणाला, अजून असेल तर आणा. मी आणायला गेले.